डब्यावरचा २७२ विसरा: एनए इंजिनासाठी कॅम निवडताना

एनए, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या, इंजिनासाठीच्या कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) डब्यावर २७२ छापलेलं असतं, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते ड्युरेशन, आणि निम्मी खरेदी तिथेच उरकते. २६४ म्हणजे थोडा गरम, २७२ म्हणजे मधला, २८८ म्हणजे रेसचा, असं एक कोष्टक सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. अडचण अशी की तो २७२ कुठून कुठपर्यंत मोजला हे डब्यावर नसतं. कोणी व्हॉल्व्ह ०.१ मिमी उचलल्यापासून मोजतं, कोणी ०.१५ पासून, कोणी टॅपेटचा (लोब आणि व्हॉल्व्हमधला तुकडा) गॅप वजा करून. लोबची (कॅमवरचा व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा) सुरुवात मुद्दाम आळशी ठेवलेली असते, कारण व्हॉल्व्ह हळूच सुटावा आणि हळूच सीटवर टेकावा लागतो. त्या आळशी रॅम्पवर मोजमाप जरासं इकडेतिकडे सरकलं की ड्युरेशन सहज दहा-पंधरा डिग्रीने बदलतं. एका कंपनीचा २७२ दुसरीच्या २६० सारखा चालला तर त्यात नवल काही नाही.

म्हणून पैसे देण्याआधी कॅम कार्ड मागा. कार्डावर १ मिमी लिफ्टला (उचलीला) किंवा ०.०५० इंचाला (म्हणजे १.२७ मिमीला) ड्युरेशन किती, इनटेक आणि एक्झॉस्ट कधी उघडतात, कधी बंद होतात, लोब सेंटर (लोबचं टोक कोणत्या अंशावर येतं) किती आणि टॅपेटचा गॅप किती, एवढं तरी हवंच. लिफ्ट लोबवरची सांगितली आहे की व्हॉल्व्हवरची, तेही विचारा. पुशरॉड इंजिनात (कॅम खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह दांड्यांनी उघडतात) १.२७ मिमी हा आकडा टॅपेटवर मोजतात. रॉकरचं प्रमाण १.७ असेल तर तेव्हा व्हॉल्व्ह २.१६ मिमी उचललेला असतो. बकेट (लोबखाली उलट्या वाटीसारखा) टॅपेटच्या ट्विन कॅम इंजिनात १ मिमी थेट व्हॉल्व्हवरचा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत ठरलेली. आणि कार्डच देत नसेल, तर त्या दुकानदाराकडून कॅम घेऊ नका. लोबचं मोजमाप ज्याला माहीत नाही, त्याने तो लोब दुसऱ्याचा बघून उतरवलेला असतो.

पुढचे सगळे अंश क्रँकचे आहेत; दोन लोबमधलं अंतर आणि जिथे कॅमचे म्हटलंय ते तेवढे कॅमचे. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे कॅमच्या पुलीवरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. हा घोळ भलेभले घालतात.

इनटेक बंद कधी होतो?

इनटेक आणि एक्झॉस्ट उघडण्या-बंद होण्याच्या चार घटनांमध्ये कॅमचा स्वभाव ठरवणारी घटना एकच: इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ. पिस्टन तळाला (बीडीसीला) पोचून वर यायला लागतो, तरीही इनटेक उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत येणाऱ्या हवेला इतका जोर असतो की पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. कमी आरपीएमला तो जोर नसतो, मग पिस्टन आलेली हवा मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. मोठा कॅम घातल्यावर खालचा पिकअप जातो तो इथे. लोक दोष लिफ्टला देतात.

हे आकड्यांत बघू. ८६ मिमी बोअर, ८६ मिमी स्ट्रोक, १४० मिमी कनेक्टिंग रॉड, कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते) १०.५. चार सिलिंडरचं असं इंजिन १९९८ सीसीचं होतं. स्टॉक (कंपनीच्या मूळ) कॅमचा इनटेक बीडीसीनंतर ६० अंशांनी पूर्ण बंद होतो असं धरा. त्या क्षणी पिस्टनला वर जायला ६९.५ मिमी उरलेले असतात, म्हणून खरं कॉम्प्रेशन ८.७ च्या आसपास येतं. आता मोठा कॅम घाला, जो ७६ अंशांना बंद होतो. उरलेला स्ट्रोक ५९.८ मिमी, खरं कॉम्प्रेशन ७.६. कागदावरचं १०.५ तिथेच आहे, पण खालच्या आरपीएमला इंजिन गेल्या पिढीतल्या गरीब गाडीसारखं वागणार. पहिल्यासारखं ८.७ हवं असेल तर कागदी कॉम्प्रेशन १२ पर्यंत न्यावं लागेल.

हेड फेसिंग करून (हेडचा तळ खरवडून) ते मिळवायचा मोह होतो. याच उदाहरणात बोअरएवढ्या गोल चेंबरचा हिशोब धरला तरी सुमारे १.३ मिमी खरवडावे लागतील. एवढं बहुतेक हेडना झेपत नाही. शिवाय हेड खाली आलं की व्हॉल्व्ह तेवढेच पिस्टनजवळ येतात आणि चेन किंवा बेल्टवरच्या ओव्हरहेड कॅमचं टायमिंग मागे सरकतं. मोठ्या कॅमला पिस्टन बदलून कॉम्प्रेशन द्यावं, फेसिंगने नाही. आणि पिस्टन बदलायचे नसतील, तर इनटेक स्टॉकपेक्षा ८-१० अंशांहून उशिरा बंद होणारा कॅम रोजच्या गाडीत घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

इनटेक उघडण्याची आणि एक्झॉस्ट बंद होण्याची वेळ मिळून ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, ठरतो. समजा १ मिमीला इनटेक टीडीसीआधी (पिस्टन अगदी वर असतो तो बिंदू) १० अंशांना उघडतो आणि बीडीसीनंतर ४६ ला बंद होतो. ड्युरेशन १० + १८० + ४६ = २३६, सेंटर ११८ − १० = टीडीसीनंतर १०८. एक्झॉस्ट बीडीसीआधी ५० ला उघडून टीडीसीनंतर ६ ला बंद होतो: ड्युरेशन तेच २३६, सेंटर टीडीसीआधी ११२. दोन्ही लोबमधलं अंतर (दोन सेंटरची सरासरी, कॅमच्या अंशांत) ११०, ओव्हरलॅप १६. हे गणित एकदा हाताने केलंत की कार्ड खरं आहे की छपाईची चूक आहे, हे लगेच दिसतं. कार्डावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, असं वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

ओव्हरलॅप चांगला की वाईट, हे एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरमधून धूर नेणाऱ्या नळ्यांचा संच) ठरवतो. नेमक्या लांबीच्या ४-२-१ किंवा ४-१ (चार नळ्या आधी दोनांत मग एकात, किंवा थेट एकात) हेडरमधून ठरावीक आरपीएमला उलटी लाट योग्य वेळी परत येते, उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेलाही आत खेचते. एनए इंजिनाला मिळणारं हे फुकटचं बूस्ट. त्याच हेडरमध्ये दुसऱ्या आरपीएमला दाबाची लाट येते आणि धूर इनटेकमध्ये घुसतो. स्टॉक मॅनिफोल्ड ठेवून ओव्हरलॅपवाला कॅम घालणाऱ्याला तोटा पूर्ण मिळतो, फायदा अर्धा. टर्बोच्या कॅटलॉगमधला कॅम एनए इंजिनात घालायचा नाही, तो याच कारणाने: तिथे एक्झॉस्टमध्ये दाब जास्त असतो म्हणून ओव्हरलॅप मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

लिफ्टबद्दलचा गैरसमज घालवायला जनरल मोटर्सचं एलएस३ इंजिन बघावं. ६.२ लिटर, पुशरॉड, आणि स्टॉक कॅमची व्हॉल्व्ह लिफ्ट इनटेकला जवळजवळ १४ मिमी. तरी ते घड्याळासारखं आयडल करतं, कारण १.२७ मिमीला ड्युरेशन फक्त २०४ आणि २११ अंश आहे आणि लोबमधलं अंतर ११७. ओव्हरलॅप काढलात तर तो शून्याच्याही खाली, उणे २६.५ येतो. आयडल डगमगतं ते ओव्हरलॅपमुळे, लिफ्टमुळे नाही.

आधी गिअरबॉक्स, मग कॅम

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ (न्यूटन मीटरवरून किलोवॅट). चांगल्या एनए इंजिनाला लिटरमागे साधारण १०० न्यूटन मीटर मिळतात, आणि कॅम बदलून हा आकडा फारसा वाढत नाही. कॅम तो टॉर्क उजवीकडे सरकवतो. ६५०० ला २०० न्यूटन मीटर म्हणजे १३६ किलोवॅट. ७५०० ला १९० टिकवले तर १४९. दहा न्यूटन मीटर गमावून तेरा किलोवॅट मिळाले. पण त्या हजार आरपीएममध्ये गाडी राहते का, हे गिअरबॉक्स सांगतो.

टोयोटा ८६ चे मॅन्युअल गिअर रेशो घ्या: ३.६२६, २.१८८, १.५४१, १.२१३, १.०००, ०.७६७. ७४०० ला गिअर टाकला तर पहिल्यातून दुसऱ्यात इंजिन सुमारे ४४६५ वर येतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात ५२१० वर, तिसऱ्यातून चौथ्यात ५८२५ वर. म्हणजे ट्रॅकवर दुसरा-तिसरा-चौथा वापरणाऱ्याला कॅम ५२०० ते ७४०० मध्ये चांगला हवा. त्याखाली थोडं गेलं तरी चालेल. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ३५०० वरून गाडी ओढणाऱ्यासाठी हाच कॅम चुकीचा. या इंजिनात ३५०० ते ४५०० दरम्यान टॉर्कचा खड्डा आधीच आहे, त्यात मोठा कॅम घालून तो खोल करण्यात शहाणपण नाही. तिथे आधी हेडर आणि ट्यूनिंग.

हेच उलटंही लागू होतं. कॅमची ताकद ८००० च्या पुढे असेल आणि इंजिन ७५०० ला कापलं जात असेल, तर विकत घेतलेला भाग वापरातच येत नाही. रेडलाइन वाढवायची तर खालचं इंजिन झेपेल का ते बघा. पिस्टनचा सरासरी वेग म्हणजे दोन गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम भागिले ६०. ८६ मिमी स्ट्रोकला ८००० म्हणजे सेकंदाला २२.९ मीटर. होंडा एस२००० चं दोन लिटरचं इंजिन ८४ मिमी स्ट्रोकवर ९००० फिरायचं, म्हणजे २५.२ मीटर, पण त्याचे रॉड, बोल्ट, ऑइल पंप सगळं त्यासाठीच घडवलेलं होतं. स्टॉक रॉड बोल्ट असलेल्या साध्या इंजिनाकडून ही अपेक्षा ठेवू नका.

व्हीटेकसारखी दोन प्रोफाइलची यंत्रणा असेल तर अर्धा प्रश्न सुटतो. होंडाने १९८९ मध्ये १.६ लिटरच्या बी१६ए मधून १६० पीएस काढले ते याच युक्तीवर: खाली सौम्य लोब, वर जहाल लोब. अशा इंजिनाचा कॅम बदलल्यावर लोब बदलण्याचा आरपीएम स्टॉकवरच ठेवू नका. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) एकदा पूर्ण रन फक्त खालच्या लोबवर घ्या, एकदा फक्त वरच्या लोबवर. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तोच आरपीएम. धक्का जाणवला पाहिजे म्हणून तो उशिरा ठेवणारे असतात; तो धक्का म्हणजे आधीच्या हजार आरपीएममध्ये वाया घालवलेला टॉर्क.

लोब आणि टॅपेट

व्हॉल्व्ह त्याच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की भोवतालची वाट आणि व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ सारखं होतं. ३५ मिमी व्हॉल्व्हला ८.७५ मिमी. त्यापुढे पोर्ट अडवायला लागतो. म्हणून पोर्टला हात न लावता ९.५ वरून ११.५ मिमी लिफ्टला जाण्यात कागदावर वाटतो तेवढा फायदा नाही. जो थोडाफार मिळतो, तो व्हॉल्व्ह मधल्या लिफ्टला जास्त वेळ राहिल्यामुळे.

आणि लिफ्ट हवी तेवढी वाढवता येत नाही, याचं कारण बकेटचा व्यास. सपाट बकेटवर लोबचा स्पर्शबिंदू मधून बाजूला सरकतो. किती सरकतो, ते लिफ्ट किती वेगाने वाढते यावर ठरतं. कॅमच्या एका रेडियनला जेवढे मिलिमीटर लिफ्ट, तेवढेच मिलिमीटर तो बिंदू मध्यापासून दूर. ३१ मिमी बकेटची त्रिज्या १५.५; काठाला एक मिमी सोडला तर १४.५. भागिले ५७.३, म्हणजे कॅमच्या एका अंशाला ०.२५ मिमी हा वेगाचा शेवट. त्यापेक्षा जहाल लोब लावला की तो बकेटचा काठ पकडतो, पृष्ठभाग खरवडतो, आणि काही दिवसांत तेलात चमकी दिसते. छोट्या ड्युरेशनमध्ये मोठी लिफ्ट असं लिहिलेला स्वस्त बकेट कॅम दिसला, तर मनातल्या मनात हे गणित करून बघा.

जुना कॅम घासून केलेला रीग्राइंड वाईट नसतो, पण त्यात लिफ्ट वाढते ती बेस सर्कल (लोबचा न उचलणारा गोल भाग) कमी करून. बेस सर्कल ०.७ मिमीने खाली गेलं की टॅपेटचा गॅपही तेवढाच वाढतो आणि जाड शिम (गॅप भरणाऱ्या चकत्या) लागतात. तेवढ्या जाडीचे शिम मिळतात का, हे कॅम घासायला देण्याआधी तपासा. हायड्रॉलिक टॅपेट ही तफावत स्वतः भरून काढतो, पण त्याच्या प्लंजरच्या मर्यादेतच. माझदा एमएक्स-५ च्या १.८ इंजिनात सुरुवातीला हायड्रॉलिक टॅपेट होते, १९९९ च्या मॉडेलपासून सॉलिड बकेट आणि शिम आले. त्यामुळे एकाच इंजिनाच्या नावाखाली दोन जातींचे कॅम विकले जातात. हायड्रॉलिकचा कॅम सॉलिडवर लावला तर आवाज करतो, कारण त्याला गॅप गिळणारा रॅम्पच नसतो. सॉलिडचा कॅम हायड्रॉलिकवर लावला तर व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडा राहतो.

स्प्रिंग

स्प्रिंगचा खर्च कॅमच्या खर्चातच धरा. व्हॉल्व्ह फ्लोट झाला (स्प्रिंगला न जुमानता लोबपासून सुटला) की पॉवरची रेषा वरच्या टोकाला थरथरते आणि कोसळते, आवाज मिसिंगसारखा येतो, आणि लोक कॉइल नि प्लग बदलत बसतात.

हिशोब असा. स्प्रिंग बसवलेली उंची ३७ मिमी, पूर्ण दाबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकतात ती उंची २४.५, लिफ्ट ११. पूर्ण लिफ्टला स्प्रिंग २६ मिमी, म्हणजे १.५ मिमी शिल्लक. १ मिमीच्या खाली जाऊ नका. सीटवर २७० न्यूटन आणि रेट ३५ न्यूटन प्रति मिमी असेल तर ११ मिमीला ६५५ न्यूटन होतात. तसंच किमान १ मिमी अंतर रिटेनरचा (स्प्रिंगवरची टोपी) तळ आणि व्हॉल्व्ह स्टेमच्या सीलमध्येही सोडा. हे अंतर मोजायचं राहून जातं, मग सील रिटेनरखाली चिरडला जातो आणि निळा धूर यायला लागला की रिंगांवर संशय घेतात.

प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची वेगवेगळी मोजा. सीट कटिंग झालेल्या हेडमध्ये व्हॉल्व्ह आत गेलेले असतात, उंची वाढलेली असते, दाब कमी पडतो. तिथे खाली शिम घालून सगळ्या सारख्या करायच्या. आणि गरजेपेक्षा कडक स्प्रिंग घेण्यात मर्दुमकी नाही. ती लोब खाते, गाइड खाते, तेल गरम करते.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह

हा भाग घाईत करायचा नाही. स्टीलच्या रॉडला इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर ठेवा. एक्झॉस्टला जास्त, कारण तो गरम होऊन लांबतो आणि फ्लोट झाला तर पिस्टन त्याला पाठून गाठतो. सगळ्यात कमी अंतर टीडीसीला नसतं. इनटेकचं ते टीडीसीनंतर साधारण दहा अंशांच्या आसपास सापडतं, एक्झॉस्टचं तेवढंच आधी. म्हणून टीडीसीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश, दर दोन अंशांना मोजा.

पिस्टनवर माती ठेवून तिची दबलेली जाडी मोजण्यापेक्षा डायल गेजची पद्धत बरी: एका सिलिंडरला हलकी चेकिंग स्प्रिंग लावायची, क्रँक ठरलेल्या अंशावर थांबवून व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबायचा, गेज किती हलला ते लिहायचं. हायड्रॉलिक टॅपेट असेल तर त्याच्या जागी सॉलिड डमी हवा, नाहीतर टॅपेट दबतो आणि खोटं अंतर दिसतं. मातीनेच करायचं असेल तर व्हॉल्व्हवर पातळ तेल लावा म्हणजे माती व्हॉल्व्हला चिकटणार नाही, हेड गॅस्केट घालून बोल्ट कसा, दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवा आणि मग पातीने कापून जाडी मोजा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. तो व्हॉल्व्ह आहे.

ट्विन कॅमला इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपमध्ये एकमेकांजवळ येतात, तिथेही १.५ मिमी बघा. इनटेक कॅम पुढे घेतला की त्याचं पिस्टनपासूनचं अंतर कमी होतं, एक्झॉस्ट कॅम मागे घेतला की त्याचं. व्हेरिएबल टायमिंग असलेल्या इंजिनात ही मोजणी फेझरच्या (कॅमचं टायमिंग फिरवणारा भाग) दोन्ही टोकांना करायची. चाळीस-पन्नास अंश फिरणारा फेझर स्टॉक कॅमला सुरक्षित असतो, मोठ्या कॅमला पूर्ण ॲडव्हान्समध्ये व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतो. ट्यूनर म्हणेल ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) मर्यादा टाकतो. टाकू दे, पण फेझरच्या आत यांत्रिक स्टॉपही बसवा. ऑइलचा सोलेनॉइड अडकला की सॉफ्टवेअरचं कोणी ऐकत नाही.

बसवताना

कॅम काढण्याआधी क्रँक टीडीसीपासून ९० अंशांवर आणा, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात सगळे पिस्टन मध्यावर राहतात. कॅपचे बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने, पाव-पाव फेरीने सोडा. एका बाजूचे आधी सोडले तर स्प्रिंगच्या दाबाने कॅम वाकडा होतो आणि कॅप चिरते. नव्या कॅमवर तेल जायची भोकं, सेन्सरचा दात किंवा ट्रिगर, आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हाय प्रेशर पंप चालवणारा लोब, हे सगळं जुन्या कॅमशेजारी ठेवून मिळवून बघा. दात नसलेला कॅम बसवल्यावर गाडी का सुरू होत नाही, हे शोधण्यात सबंध दिवस जातो.

डिग्रीइंगशिवाय (कॅमचे अंश मोजून जुळवल्याशिवाय) कॅम लावणं म्हणजे कॅम न मोजता विकत घेण्यासारखंच. टीडीसी पिस्टन स्टॉपने शोधा: दोन्ही दिशांना पिस्टन टेकतो तिथले अंश वाचा, त्यांचा मध्य तो खरा टीडीसी. पुलीवरच्या खुणेवर विश्वास नको. मग इनटेकच्या पूर्ण लिफ्टच्या १.२७ मिमी खाली, चढताना आणि उतरताना, दोन्ही वाचनं घ्या. चढताना टीडीसीनंतर ७४ आणि उतरताना १४२ आलं तर सेंटर १०८. कार्डावरही १०८ असेल तर झालं; नसेल तर व्हर्नियर (कॅम थोडा फिरवता येणाऱ्या) पुलीने सरकवा. क्रँक कायम चालत्या दिशेनेच फिरवा. पुढे गेलात तर चतकोर फेरी मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेनची ढील वाचनात येते. फेसिंग झालेलं हेड असेल तर फरक हमखास सापडतो.

हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात कॅम कसल्यावर अर्धा तास तसंच ठेवा. भरलेले टॅपेट व्हॉल्व्ह उघडे धरून ठेवतात. लगेच क्रँक फिरवला तर व्हॉल्व्ह वाकतो.

ट्यूनिंग आणि पहिला स्टार्ट

मोठ्या ओव्हरलॅपला आयडलवर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी होतो. स्टॉकला मॅनिफोल्डचा दाब ३०-३५ किलोपास्कल (पूर्ण निर्वात म्हणजे शून्य, म्हणून आकडा वाढला की व्हॅक्यूम कमी) दिसत असेल तर आता ५० च्या वर दिसू शकतो. ब्रेक बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. पार्किंगमध्ये दोन-तीनदा लागोपाठ ब्रेक दाबून पेडल कडक होतं का, हे रस्त्यावर जाण्याआधी बघा. आयडल ९५० ते ११०० वर न्या, आणि आयडलला इग्निशन थोडं जास्त ॲडव्हान्स द्या. मिश्रणात जुना धूर मिसळलेला असतो, जळायला वेळ लागतो.

लॅम्डा सेन्सर आयडलवर खोटं बोलतो. ओव्हरलॅपमध्ये न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि प्लग काळे होतात. आयडलला क्लोज्ड लूप (सेन्सरवरून आपोआप होणारी दुरुस्ती) बंद करून हाताने मिश्रण लावा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल असेल तर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) जवळजवळ निरुपयोगी. थ्रॉटलच्या कोनावर नकाशा बांधावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी उत्सर्जनाचे नियम आधी वाचून घ्या. कॅम कसाही असला तरी कॅटॅलिस्टला कच्चं पेट्रोल सोसत नाही.

स्टार्टच्या आधी लोबवर असेंब्ली पेस्ट लावलेली असावी, साधं तेल नाही. प्लग काढून, इंधन बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर फिरवा. सपाट टॅपेटच्या पुशरॉड इंजिनात नव्या कॅमसोबत टॅपेट नवेच, जुने चालत नाहीत, आणि झिंक असलेलं तेल हवं. इंजिन सुरू झालं की आयडलला सोडू नका. २००० ते २५०० च्या दरम्यान खालीवर करत वीस मिनिटं चालवा, कारण त्या टॅपेटच्या लोबवर तेल उडतं ते आरपीएम असतानाच. म्हणून कूलंट, टायमिंग, इंजेक्टरचा नकाशा सगळं आधी तयार हवं. वीस मिनिटांत गाडी दोनदा बंद पडली तर लोब तिथेच संपतो. रोलर टॅपेटला एवढे लाड लागत नाहीत.

त्यानंतर तेल बदलून फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरा. राखाडी, बारीक पेस्ट चालते. चुंबकाला चिकटणारे टोकदार कण दिसले तर कव्हर उघडून लोब बघा, पुढे चालवू नका. पाच-सातशे किलोमीटरनंतर थंड इंजिनात सगळे टॅपेट पुन्हा मोजा. आठ सिलिंडर असोत की चार, एखाद-दुसऱ्याचा गॅप घटलेला सापडतोच, आणि ज्याचा घटला तो व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. त्याचा शिम आधी बदला.